पडद्यावरचे मैदान

फुटबॉलचा सामना पाहताना चेंडूकडे न पाहता गोलरक्षकाकडे पाहणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला. त्यांचे नाव येथे सांगत नाही. त्यांना ते रुचणार नाही. आमच्या धर्मग्रामात लहानथोर सर्वजण त्यांना नुसते ‘काका’ म्हणत. तेव्हा वाचकहो, आपणही त्यांना काकाच म्हणू या.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात लोंढा नावाचे रेल्वेचे जंक्शन आहे. तेथून लोहमार्गाचा एक फाटा कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा घाट उतरून मडगावकडे जातो. रेल्वेच्या नोकरीच्या निमित्ताने किंवा त्याहीपूर्वी पोटापाण्याच्या शोधात गोव्यातून घाट चढून आलेली कित्येक कुटुंबे ह्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड असा त्यांचा त्रिवेणी संसार असतो. परंतु फुटबॉलचा विषय निघाला की ती सारी मंडळी क्षणात गोवेकर होतात. २०१५ साली त्या बाजूच्या एका लहानशा धर्मग्रामात माझी नेमणूक झाली. माझे स्वतःचे बालपण फोंडा तालुक्यात, सुगीनंतर रिकाम्या झालेल्या शेतात, भाताची खुंटे पायांना टोचत असताना अनवाणी फुटबॉल खेळण्यात गेलेले. त्यामुळे ह्या लोकांशी माझे सूत जमण्यास फारसा वेळ लागला नाही.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. वय त्या वेळी सत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते रेल्वेच्या मुलांबरोबर खेळत आणि गोलरक्षणाचे काम त्यांच्याकडे असे. पुढे मांडीचे हाड मोडले, ते नीट सांधले नाही, आणि एका काठीच्या आधाराने घरापासून चर्चपर्यंत येणे एवढाच त्यांचा प्रवास उरला. घाट उतरून मडगावजवळील फातोर्ड्याच्या मैदानावर जाणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून चर्चच्या सभागृहात असलेली दूरचित्रवाणी हेच त्यांचे मैदान झाले होते. गोव्याच्या संघाचा सामना असला की सायंकाळची प्रार्थना आटोपून ते पहिल्या रांगेतील लाकडी खुर्चीवर येऊन बसत, आणि सामना सुरू होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच कुरकुर करू लागत.

ही कुरकुर एकट्या काकांची नव्हती. सभागृहातील प्रत्येकाची आपापली तक्रार होती. सामना रात्री ठेवतात, तो देशभरच्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी. पण सामना संपल्यावर काणकोण किंवा सत्तरीच्या मनुष्याला घरी परतण्यास बस मिळते की नाही, ह्याचा विचार कोणी करीत नाही, असे एकजण म्हणे. समालोचकाला आपल्या मुलांची आडनावेसुद्धा धड उच्चारता येत नाहीत, असे दुसरा म्हणे. गोवा म्हटले की त्याला समुद्रकिनारा आणि कार्निव्हल ह्यांपलीकडे काही सुचत नाही, अशी तिसऱ्याची टीका. ऐन चढाईच्या वेळी कॅमेरा प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या नटाच्या काळ्या चष्म्यावर जाऊन स्थिरावे, आणि तो परत येईपर्यंत चेंडू बाहेर गेलेला असे. कधी जाहिरातीची चौकट निम्मा पडदा गिळून टाकी. कधी मागच्या प्रसंगाचे संथ चित्र दाखवीत असतानाच पुढचा कॉर्नर घेतला जाई.

ह्या तक्रारी ऐकून मला मौज वाटे. मनात येई, ह्या लोकांना घरबसल्या सामना दिसतो आहे ह्याचे काही नाही, उलट पाहुणचारातील मीठ कमी पडल्याची ओरड! पण तक्रारीचे मूळ कोठे आहे, हे समजण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. ते मूळ गोव्याच्या फुटबॉलच्या इतिहासातच आहे.

गोव्यात हा खेळ आणण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ साली बार्देशातील शिवोली येथे त्यांनी मुलांच्या हाती, किंबहुना पायी, फुटबॉल दिला. तेथून तो शाळांच्या पटांगणांत, चर्चपुढील मोकळ्या जागेत आणि शेतांत पसरला. १९५९ साली गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. १९८३-८४ च्या हंगामात ब्रह्मानंद शंखवाळकर ह्या गोलरक्षकाच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष करंडक जिंकला. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षे देशाचे आय-लीग विजेतेपद गोव्याच्याच क्लबांकडे राहिले: तीनदा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स आणि एकदा साळगावकर. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला. दोनच वर्षांनी, २०१६ साली, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या जुन्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

ह्या सर्व काळात गोव्याचा प्रेक्षक खेळाडूला पडद्यावरून ओळखत नव्हता. तो त्याला त्याच्या वाड्यावरून, त्याच्या घरावरून ओळखत होता. अमक्याचा थोरला, तमक्याचा जावई, परवा आपल्या दुकानात तांदूळ न्यायला आला होता तो, अशी ती ओळख. अशा प्रेक्षकाला चेंडू कोठे गेला एवढेच कळून भागत नाही. आपला मनुष्य कोठे उभा आहे, दमला आहे की काय, त्याच्या पायाची जुनी दुखापत बरी झाली की नाही, हे त्याला पाहावयाचे असते. मैदानावर बसलेला प्रेक्षक आपली नजर हवी तिकडे वळवू शकतो. पडद्यापुढे बसलेल्याची नजर मात्र दुसऱ्याच्या हाती असते.

आणि ती दुसऱ्याची नजर चेंडूला बांधलेली असते. फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या रोखाने उंचावर बसविलेला असतो आणि चेंडू जाईल तिकडे तो वळतो. बावीस खेळाडूंपैकी चेंडूभोवतीचे काही तेवढे पडद्यावर मावतात. बाकीचे त्या वेळी जणू जगातच नसतात. ह्यात कॅमेरा धरणाऱ्याचा दोष मानता येणार नाही. दूर गुवाहाटीत किंवा दिल्लीत बसलेल्या, दोन्ही संघांतील कोणालाही न ओळखणाऱ्या प्रेक्षकासाठी त्याने चेंडूमागे न जावे तर कोठे जावे? पण त्यामुळे एक खेळाडू बहुतेक वेळ अदृश्य राहतो, आणि तो म्हणजे गोलरक्षक.

काकांची तक्रार नेमकी हीच होती. ते म्हणत, “फादर, चेंडू पलीकडच्या टोकाला असतो तेव्हाच गोलरक्षकाचे खरे काम चालू असते. तो किती पुढे येतो, बचाव करणाऱ्यांना काय ओरडून सांगतो, वारा कसा आहे ते पाहतो. हे दिसत नसेल तर मग गोल का झाला आणि का अडला हे कळणार कसे? हे लोक त्याला कधी दाखवतात? एक तर चेंडू अडवला तेव्हा, नाही तर सुटला तेव्हा.”

२० डिसेंबर २०१५ चा तो रविवार मला आजही स्पष्ट आठवतो. नाताळ पाच दिवसांवर आला होता. सभागृहाच्या कोपऱ्यात गोठ्याचे काम अर्धवट टाकून मुले पडद्यापुढे येऊन बसली होती. फातोर्ड्यावर सुपर लीगचा अंतिम सामना, आपला गोवा विरुद्ध चेन्नई. एका मुलाचा मावसभाऊ प्रत्यक्ष मैदानावर होता आणि ह्याने मोबाईल कानाला लावून ठेवला होता. मैदानावरील दृश्य उपग्रहामार्गे आमच्यापर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात. फोनवरील आवाज त्याच्या आधी येतो. त्यामुळे ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला तेव्हा पडद्यावर चेंडू जाळ्यात जाण्यापूर्वीच तो मुलगा खुर्चीवर उभा राहिला होता. गोवा २-१ ने पुढे गेला. मुलांनी गोठ्यासाठी आणलेले वाळलेले गवत उधळले.

तीनच मिनिटांनी त्या मुलाने फोन कानापासून हळूच खाली घेतला. त्याचा चेहरा पाहून आम्ही सारे गप्प झालो. पडद्यावर अजून काहीच झालेले नव्हते. आणि मग ते झाले. चेंडू गोव्याच्या जाळ्यात गेला, आणि तो स्वयंगोल गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी ह्याच्या नावावर नोंदला गेला. भरपाईच्या वेळेत मेंडोझाने आणखी एक गोल केला आणि चेन्नईने ३-२ ने करंडक नेला.

त्यानंतर पडद्यावर तो स्वयंगोल पुन्हा पुन्हा दाखविण्यात आला. समोरून, बाजूने, संथ गतीने. प्रत्येक वेळी कट्टीमनीचा चेहरा आणखी जवळून. काका एकाएकी उठले, काठी आपटीत पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “पुरे झाले! आधीची एकोणनव्वद मिनिटे ह्याच्याकडे कोणी पाहिले नाही. आता कशाला पाहता?”

मला त्यांचा थोडा रागच आला. मुलांसमोर एवढे बिथरणे वयाला शोभत नाही असे वाटले. त्यांना घरी पोहोचवीत असताना मी म्हणालो, “काका, खेळ तो खेळ. पेटीतल्या चित्रांवर एवढा जीव जडवू नये.” ते काही बोलले नाहीत. दाराशी पोहोचल्यावर फक्त एवढेच म्हणाले, “तुमचे बरोबर आहे, फादर.” ज्या सुरात माणसे आपणांस पटले नसताना ‘बरोबर आहे’ म्हणतात, तो सूर धर्मगुरूला ओळखता यावयास हवा. मी तो ओळखला नाही.

पुढे २०१८ साली सभागृहाच्या वाहिन्यांची वर्गणी भरण्याची वेळ आली. रक्कम वाढली होती. मी हिशेब मांडला आणि ठरविले की, हा पैसा पडद्यावर घालविण्यापेक्षा मुलांच्या उपयोगी आणावा. वर्गणी बंद केली, आणि त्या पैशांतून दोन चेंडू व गोलाला लावावयाचे जाळे विकत घेतले. मुले आनंदली. पालकांनी माझी पाठ थोपटली. ‘दूरचित्रवाणी सोडा, मैदानावर या’ असे मी एका रविवारी मिस्सानंतर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलेही. सारेजण पांगल्यावर काका जवळ आले.

“मुलांना जाळे दिलेत, फार चांगले केलेत,” ते म्हणाले. “पण फादर, ज्याला मैदानावर येता येत नाही, त्याने कोठे जायचे?”

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. काय दिले ते आता आठवतही नाही. काका त्यानंतर सायंकाळी सभागृहाकडे फिरकेनासे झाले. २०१९ च्या अंतिम सामन्यात गोवा हरला, २०२० साली साखळी फेरीत पहिला येऊन त्याने ढाल जिंकली. हे सारे त्यांनी नातवाच्या मोबाईलवरील बातमीतून ऐकले असेल. मी विचारले नाही.

मग कोरोनाची साथ आली. २०२० च्या नोव्हेंबरात मीही त्या तापाने पडलो आणि दोन आठवडे एका खोलीत एकटा राहिलो. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवले जाई. माणसाचा आवाज भिंतीपलीकडून येई. त्याच महिन्यात सुपर लीगचा नवा हंगाम सुरू झाला. साथीमुळे देशातील सर्व संघांचे सर्व सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना व्हावयाचे होते. म्हणजे ज्याचे घर फातोर्ड्याच्या भिंतीला लागून आहे त्यालाही सामना पडद्यावरच पाहावा लागणार होता. सारा गोवा काकांच्या खुर्चीवर येऊन बसला होता.

२२ नोव्हेंबरला गोव्याचा पहिला सामना बंगळूरशी होता. मी अंथरुणावर पडून मोबाईलच्या तळहाताएवढ्या चौकोनात तो पाहिला. गोवा दोन गोलांनी मागे पडला, आणि मग अँगुलोने दोन्ही गोल फेडून बरोबरी साधली. प्रेक्षागृह रिकामे, तरीही यंत्राने घातलेला गर्दीचा कोलाहल कानी येत होता. त्या खोट्या आरोळ्या ऐकताना मला एकदम जाणवले की, चित्र बाजूला सरकले, नको तेथे जाहिरात आली, समालोचक भलतेच काही बोलला, की मी स्वतःशी चिडतो आहे, पुटपुटतो आहे, अगदी काकांसारखाच! जो मनुष्य चित्र नाकारून उठून मैदानावर जाऊ शकतो, त्याला पडद्यातील उणीव ही गमतीची बाब असते. ज्याला तो पडदा सोडून दुसरे काहीच उरलेले नाही, त्याला तीच उणीव झोंबते. खिडकी एकच असेल तर तिच्या काचेवरील डाग लहान राहत नाही.

अंथरुणावरूनच मी काकांना फोन केला आणि म्हणालो, “काका, माझे चुकले.” ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी बरे व्हा, फादर. आणि सांगा, तुमच्या त्या मोबाईलवर गोलरक्षक तरी दिसतो का?”

बरा झाल्यावर मी वर्गणी पुन्हा सुरू केली. सरकारी निर्बंध सैल होताच, खिडक्या उघड्या टाकून, खुर्च्या दूर दूर ठेवून सभागृहात पुन्हा सामने दिसू लागले, आणि पहिल्या रांगेतून पुन्हा कुरकुर ऐकू येऊ लागली. ह्या खेपेस ती मला गोड वाटली.

२०२२ च्या २० मार्चला फातोर्ड्यावरच त्या हंगामाचा अंतिम सामना झाला. प्रेक्षकांना प्रवेश पुन्हा खुला झाला होता आणि केरळच्या पाठीराख्यांनी प्रेक्षागृह पिवळे करून टाकले होते. सामना केरळ आणि हैदराबाद ह्यांच्यातील. आमच्या सभागृहातील पुष्कळांना त्यात रस नव्हता, कारण गोवा स्पर्धेत राहिला नव्हता. काका मात्र वेळेआधी येऊन बसले होते. कारण हैदराबादच्या गोलात उभा होता तो लक्ष्मीकांत कट्टीमनी. तेच मैदान, तोच गोल खेळणारा मनुष्य, मध्ये सहा वर्षे.

केरळने आधी गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा ह्या गोव्याच्याच मुलाने दुरून सणसणीत फटका मारून बरोबरी केली. जादा वेळातही निकाल लागला नाही आणि पेनल्टींची पाळी आली. आणि पेनल्टीच्या वेळी कॅमेऱ्याला दुसरा मार्गच नसतो. चेंडू, मारणारा आणि गोलरक्षक. एवढेच जग उरते. कट्टीमनीने तीन फटके अडविले. हैदराबादने ३-१ ने करंडक जिंकला.

मुले नाचू लागली. मी काकांकडे पाहिले. ते नाचत नव्हते की हसतही नव्हते. दोन्ही हात काठीवर ठेवून ते पडद्यावरील त्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला म्हणाले, “आज त्यांना त्याच्याकडे बघावेच लागले.”

त्या वर्षी माझी बदली झाली. निघण्यापूर्वीच्या एका रविवारी, मे महिन्यात, मुलांचा सामना होता. मी चार पोरांना पाठवून काकांना खुर्चीसकट उचलून आणविले, आणि खुर्ची बाजूला नव्हे, तर गोलाच्या मागे, २०१८ साली घेतलेल्या त्याच जाळ्यापाशी ठेवावयास लावली. चेंडू पलीकडच्या टोकाला होता. सारे लोक तिकडे पाहत होते. काका मात्र समोरच्या बारा-तेरा वर्षांच्या गोलरक्षकाकडे पाहत होते. “पुढे ये रे! अजून दोन पावले पुढे!” ते ओरडले. पोर दचकून मागे वळले, आणि दोन पावले पुढे सरकले. चेंडू आला, आणि त्याने तो धरला. पुढच्या गोलाला तो चुकलाही. पण तेव्हा काकांनी त्याला काय चुकले ते जाळ्याआडून समजावून सांगितले. दाखवीत बसले नाहीत.

तीन वर्षे लोटली. २०२५ च्या जुलैमध्ये बातमी आली की, महासंघ आणि आयोजक ह्यांच्यातील २०१० साली केलेला पंधरा वर्षांचा करार संपत आला असल्यामुळे पुढील हंगाम स्थगित ठेवला आहे. सप्टेंबर आला तरी लीग सुरू झाली नाही. काकांचा फोन आला. आवाज थकलेला, पण बोलणे तेच. “फादर, आता कुरकुर करायलाही काही ठेवले नाही. वाईट दाखवत होते, तर वाईट दाखवतात असे म्हणता तरी येत होते.”

ऑक्टोबरच्या २२ तारखेला मात्र आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल नासर हा संघ फातोर्ड्यावर आला. साऱ्या देशाला रोनाल्डो पाहावयाचा होता. तो आलाच नाही. गोवा १-२ ने हरला. पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस ह्या गोव्याच्याच मुलाने केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना फोन केला. रोनाल्डोचा विषय त्यांनी काढलाही नाही. ते म्हणाले, “आपल्या पोराने गोल केला. तेवढा एकदाच दाखवला.”

वाचकहो, आपल्या घरीही असे एखादे काका असतील, पडद्यापुढे बसून समालोचकाशी भांडणारे. त्यांना हसू नका, आणि गप्प बसा असेही सांगू नका. कॅमेऱ्याला चेंडू सोडता येत नाही. आपल्याला येतो. पुढच्या सामन्याला घटकाभर त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा, “काका, आपला गोलरक्षक आत्ता कोठे उभा असेल हो?” ते तुम्हांला नक्की सांगतील.